चौथी ओळ तुमची नव्हती

सोडाला, जयपूर
माघ, १९८७

प्रिय कुमुदताई,

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. सोडाला ते मानसरोवर, मिनीबसनं अर्धा तास. एवढ्या अंतरावर पत्र कोण पाठवतं? काही सांगायचं असलं की मी पायात चपला घालून निघायची. तुम्हाला जाऊन दीड महिना झाला आणि एक गोष्ट सांगायची राहूनच गेली. परवापासून तिनं मला काही सुचू दिलेलं नाही, म्हणून शेवटी आज कागद घेऊन बसले.

परवा तुमचा अविनाश आला होता. बँकेतून परस्पर आला, हातात हेल्मेट तसंच. म्हणाला, "काकू, रविवारी आपल्या मराठी मंडळाचा वसंतपंचमीचा कार्यक्रम आहे. आईसाठी दहा मिनिटं ठेवली आहेत. तिची ती शेवग्याची कविता तुम्हीच वाचायची. आणि एका जाड कागदावर तुमच्या अक्षरात लिहूनही द्या. फ्रेम करून फोटोखाली लावतो."

मी हो म्हटलं. चहा ठेवला. कपात साखर ढवळता ढवळता तो म्हणाला, "बाबा गेले तेव्हा आई माझ्यासमोर एकदासुद्धा रडली नाही. मला राग यायचा तिचा. मतलब, वाटायचं, हिला काहीच झालं नाही का? मग मंडळाच्या अंकात ती शेवटची ओळ वाचली आणि कळलं, ही तिथे रडली आहे."

तो गेल्यावर मी शाईची बाटली काढली, टाक धुतला आणि कागदासमोर नुसती बसून राहिले.

ती शेवटची ओळ तुमची नाही. हे सबंध जयपुरात आपल्या दोघींनाच माहीत होतं. तुम्ही गेलात आणि ते मला एकटीलाच माहीत उरलं.

आपली ओळख कशी झाली, आठवतं तुम्हाला? मंडळाचं हळदीकुंकू होतं. दारात बसून येणाऱ्यांची नावं लिहून घ्यायचं काम मला दिलं होतं, कारण बाकीचं काही मला धड येत नव्हतं. तुम्ही वहीत डोकावलात आणि म्हणालात, "हे अक्षर कुणाचं हो? इस्त्री केल्यासारखं दिसतंय."

"माझं. कॉन्व्हेंटात शिकले मी. वाकडं आलं की सिस्टर बोटांवर पट्टी मारायच्या."

"तरीच. आपल्याकडे इतकं शिस्तीत कोण लिहितं?"

त्या दिवसापासून तुम्ही मला मिसबाई म्हणायला लागलात. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मला लागलं असतं.

कारण माझ्या मराठीची मला लाज वाटायची, ताई. नागपूरच्या कॉन्व्हेंटात अकरा वर्षं काढली. घरी मराठी बोलायचो, पण लिहायची वेळ आली की हात थांबायचा. लग्नानंतर ह्यांच्या विमा कंपनीतल्या बदल्या सुरू झाल्या. भोपाळ, अजमेर, मग जयपूर. मुली हिंदीत भांडायच्या आणि इंग्रजीत अभ्यास करायच्या. मराठी उरली ती स्वयंपाकघरात आणि देवापुढे. सासूबाईंना पत्र पाठवायचं तर मी आधी इंग्रजीत लिहायची आणि ह्यांच्याकडून मराठी करून घ्यायची. सासूबाई कौतुकानं सगळ्यांना सांगायच्या की सून काय छान लिहिते. हे मी तुमच्याशिवाय कुणालाही सांगितलेलं नाही. तुम्ही हसून हसून खोकलात आणि म्हणालात, "म्हणजे तुमच्या सासूबाईंना वीस वर्षं मुलगाच पत्रं पाठवतोय."

आणि मग तुम्ही ते हायकू आणलेत.

पुण्याहून तुमची नणंद जुन्या मासिकांचे गठ्ठे पाठवायची. त्यातल्या कुठल्याशा लेखात तुम्हाला ते सापडले. जपानातली तीन ओळींची कविता, पाच, सात, पाच अक्षरं. एवढ्यात सगळं बसवायचं. "हे मला जमणार," तुम्ही जाहीर केलंत. "मोठी कविता लिहायला बसलं की कुकरची शिट्टी होते."

नियमही तुम्हीच केलेत. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं. आपल्याला काय वाटलं ते आपल्यापाशी ठेवायचं. आणि लिहायचं ते फक्त लवकर येणाऱ्या फुलांवर, अंगावरची शाल अजून उतरलेली नसताना जी येतात त्यांच्यावर. मी विचारलं, असं का? होळीपर्यंत थांबलं तर किती फुलं मिळतील. तुम्ही म्हणालात, "तेव्हा सगळ्यांनाच दिसतात. त्यात आपण काय पाहिलं?"

मानसरोवर तेव्हा किती उजाड होतं. अर्धी घरं रिकामी, रस्त्यांना नावं नाहीत, वारा सुटला की पोळीच्या डब्यातसुद्धा रेती. पण शेवटच्या घरांच्या पलीकडे मोहरीची शेतं होती. पौष-माघात आठवड्यातून दोनदा मी सकाळच्या बसनं यायची आणि आपण दोघी मफलर गुंडाळून निघायचो. तुम्ही मधेच थांबायचात, खाली वाकायचात, किती वेळ तशाच. एकदा सायकलवरून दूधवाला चालला होता. त्यानं ब्रेक लावला.

"माताजी, कुछ खो गया क्या?"

"नहीं भैया," तुम्ही न बघताच म्हणालात, "मिल गया."

त्या दिवशीची तुमची कविता माझ्या वहीत आहे.

धुक्यात रस्ता
सायकलीच्या मागे
पिवळे शेत

आणि ही दुसरी. साखळीनं बांधलेलं फाटक असलेल्या त्या रिकाम्या प्लॉटमध्ये काटेसावर होती, तिच्यावरची.

पान नसता
सावर लाल झाली
शाल काढू का?

वाचून मी म्हटलं, पण ह्यात तुम्ही काहीच म्हटलेलं नाही. तुम्ही म्हणालात, "हो ना."

माझी पहिली कविता तुम्ही मोठ्यांदा वाचून दाखवलीत. तुमच्या यजमानांना, नानांनाही ऐकवलीत, तेव्हा मला पळून जावंसं वाटलं होतं. 'हे ऋतुराजा' अशी सुरुवात होती. "हा ऋतुराज कोण? तुमच्या गल्लीत राहतो का?" पुढं मी दोन विलायती फुलं घातली होती. "ही कुठे पाहिलीत?"

"शाळेच्या पुस्तकात."

"प्रत्यक्ष?"

मी आठवून पाहिलं. शाळेत सिस्टरांनी आमच्याकडून ज्या ज्या फुलांच्या कविता घोकून घेतल्या, त्यांतलं एकही फूल मी आजतागायत पाहिलेलं नाही. तसं तुम्हाला सांगितलं. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "मग ती पुस्तकाची फुलं. तुमची कुठली आहेत, ती बघा."

मला तब्बल महिना लागला. आमच्या घराला पुढे जेमतेम दहा फूट जागा, त्यात एक कांचनाचं झाड. बारा महिने मी त्याच्याखाली धुणं वाळत घालायची आणि मला ते दिसायचं नाही.

स्वेटर पुन्हा
ट्रंकेत गेले, दारी
कांचन एक

हे वाचून तुम्ही चष्मा काढून पुसलात. "आता बरं. आता तुमच्या दारात जाऊन आल्यासारखं वाटलं." ह्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मला कुणी दिलेलं नाही, ताई. पंचेचाळिशी उलटल्यावर मी पहिल्यांदा मराठीत काही लिहिलं होतं, आणि ह्यांना विचारून नाही.

पुढचं लिहायला हात जड होतोय. पण त्यासाठीच तर बसले आहे.

नानांची ती वेताची खुर्ची. इथल्या थंडीत घरापेक्षा अंगणात ऊब असते, त्यामुळे दिवसभर सगळी माणसं उन्हामागून सरकत असतात, पण तुमच्याकडे तो एक विधीच होता. सकाळी खुर्ची नळापाशी, दुपारी भिंतीला, तीननंतर शेवग्याखाली. तुम्ही हातातलं काम टाकून बाहेर यायचात. "उठा. तुमचं ऊन पुढं गेलं." नाना पेपर काखेत धरून उठायचे, तुम्ही खुर्ची हातभर ओढायचात, ते पुन्हा बसायचे. "पोस्टात पस्तीस वर्षं नोकरी केली," ते मला सांगायचे, "पण इतक्या बदल्या झाल्या नाहीत."

सहा वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात नाना गेले. चार दिवसांच्या न्यूमोनियानं. तेरावा झाल्यावर मी आले तर तुम्ही अंगणात मटार सोलत बसला होतात. खुर्ची भिंतीपाशी उन्हात होती. आपण इकडचं तिकडचं बोललो. मधेच तुम्ही उठलात, खुर्ची हातभर पुढं ओढलीत आणि येऊन पुन्हा मटार सोलायला लागलात. मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी शेंगा हातात घेतल्या.

त्या वर्षी थंडी फार होती. दहिवर गोठून शेवग्याचा शेंडा जळून काळा झाला होता. फेब्रुवारी लागता लागता खालच्या एका फांदीला पांढरा झुपका आला. तुम्ही वहीचा चतकोर कागद माझ्या हातात दिलात. "मंडळाच्या अंकात घाला. घालायची असली तर."

रिकामी खुर्ची
पुन्हा उन्हात नेली
शेवगा फुले

मंडळाचा तो हस्तलिखित अंक वर्षातून एकदा निघायचा, त्याची एकच प्रत असायची, आणि ती सगळी मी लिहायची. अक्षर चांगलं म्हणून तो मान माझा. सोडाल्यात पलंगावर कागद पसरून मी कविता उतरवत होते. तुमचं पान आलं. तीन ओळी लिहून झाल्या. खाली पानभर जागा मोकळी.

मला वाटलं, तुम्हाला रडू आलं असेल आणि तुम्ही तिथेच थांबला असाल. खरंच असं वाटलं. लोक विचारतील, पुढे काय? आधीच मंडळात कुणी कुणी म्हणायचं की कुमुदताईंच्या कविता अर्धवट असतात. मला तुमची बाजू घ्यायची होती. आणि मग ती ओळ आपोआप आली.

बसणारा गेला, तरी कुणासाठी फुले?

ताई, आज खोटं बोलत नाही. तुमच्यासाठी घातली हे खरं, पण तेवढंच खरं नाही. अशी ओळ मला जन्मात कधी सुचली नव्हती. यमकासकट आली. मी ती दोनदा मोठ्यांदा म्हणून पाहिली, आणि मला इतका आनंद झाला की टाक शाईत बुडवून लिहूनच टाकली. खाली तुमचं नाव. लोक दुसऱ्याची ओळ आपल्या नावावर खपवतात, मी माझी तुमच्या नावावर खपवली. तेव्हा मला तो मोठेपणाच वाटला होता.

अंक घरोघर फिरायला लागला. प्रत्येक घरी चार दिवस, मागच्या कोऱ्या पानांवर अभिप्राय लिहायचा आणि पुढच्या घरी पोचवायचा. मानसरोवरची घरं यादीत शेवटी होती. तुमच्याकडे येईपर्यंत बारा घरं झाली होती आणि बारांपैकी नऊ घरांनी तीच ओळ उतरवून काढली होती. 'डोळ्यांत पाणी आले.' 'शेवटच्या ओळीने काळीज हलले.' एकानं तर लिहिलं होतं, 'ह्या एका ओळीसाठी अंक सार्थकी लागला.'

तुमचा अभिप्राय त्यांच्या खाली आहे. मी कालच पुन्हा पाहिला. 'अक्षर सुंदर आहे. कुमुद.'

बस एवढंच. तेव्हा अंक माझ्याकडे परत आला आणि हे वाचून मी त्याच दुपारी तुमच्याकडे आले. तुम्ही शेवग्याची फुलं निवडत होतात, भाजीसाठी. मी दारातच म्हटलं, ताई, मी पान बदलून देते, नवं लिहून चिकटवते.

"राहू द्या. शाईनं लिहिलंय."

"पण तुम्हाला आवडलं नाही."

 देठ तोडत राहिलात. मग अगदी साध्या आवाजात, भाजीबद्दल बोलावं तसं म्हणालात, "माझ्या तीन ओळींत ते आत गेले होते हो. चष्मा आणायला म्हणा, पाणी प्यायला म्हणा. यायचे होते. तुमच्या ओळीत ते गेले."

मी उभीच होते.

"बसा की. भाजी खाऊन जा. फुलं थोडी आहेत, पण दोघींना पुरतील."

आणि मी बसले, ताई. जेवले. माफी मागायची ती वेळ होती, आणि मी भाजीत मीठ बरोबर झालंय म्हणाले.

तुम्ही सहा वर्षांत तो विषय पुन्हा काढला नाहीत. तुमच्या तोंडावर लोक ती ओळ म्हणायचे. लग्नात, बारशात, एकदा तर भाजीमंडईत. तुम्ही मान हलवायचात आणि दुसरं काही विचारायचात. मी शेजारी उभी असायची. तुम्ही एकदा जरी माझ्याकडे बोट दाखवलं असतं तर मी सुटले असते. का नाही दाखवलंत? तुम्हाला वाटलं का, की ह्या मिसबाईचं बिंग फुटलं तर ती पुन्हा मराठीत लिहायची नाही? असंच वाटलं असणार. त्यानंतरच्या प्रत्येक माघात तुम्ही मला विचारत राहिलात, "काय मिळालं?" आणि मी दाखवत राहिले. तुमच्या नानांना तुमच्या कवितेतून मी बाहेर काढलं, आणि तुम्ही मात्र मला सांभाळून घेत बसलात.

ह्यातलं आणखी एक सांगते, ते सगळ्यात वाईट आहे. लोक ती ओळ म्हणायचे तेव्हा मला आत कुठेतरी गोड वाटायचं. खाली मान घालून मी ते ऐकायची. तुमच्या तेराव्यालाही कुणीतरी म्हटली, आणि तेव्हाही वाटलं. तेव्हा मात्र मला स्वतःची किळस आली.

आता अविनाशला ती चौकटीत हवी आहे. शनिवारी सकाळी तो कागद न्यायला येईल. त्याला काय देऊ? तीन ओळी दिल्या तर त्याच्या आईचं रडणं मी त्याच्याकडून काढून घेते. चार दिल्या तर नानांना पुन्हा एकदा घालवते, ह्या वेळी काचेखाली.

ह्यांना विचारलं. ह्यांना मी आजवर काही सांगितलं नव्हतं. पेपर बाजूला ठेवून ऐकलं सगळं. म्हणाले, "माझ्याकडून मराठी करून घ्यायचीस तेच बरं होतं." मग जरा वेळानं, "सांगून टाक. मुलगा आहे त्यांचा."

इथं थांबते. दिवे गेले आहेत.

शनिवार, दुपार

अविनाश येऊन गेला. तुम्हाला सगळं क्रमानं सांगते.

मी कागद तयार ठेवला होता. तीन ओळी, खाली तुमचं नाव. त्यानं तो हातात घेतला, वाचला, उलटा करून मागे पाहिलं.

"चौथी कुठाय?"

"ती आईची नाही, अविनाश. माझी आहे."

त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. हसला. मग माझ्या तोंडाकडे पाहून थांबला. "मतलब?"

मी सांगितलं. चतकोर कागद, मोकळं पान, बारा घरं. माझ्या आनंदाचंही सांगितलं, ते गाळलं नाही. तो खुर्चीच्या कडेवर बसून हेल्मेटचा पट्टा उघडझाप करत होता.

"आणि आई काहीच बोलली नाही? सहा वर्षं?"

"मला एकदा बोलली. दुसऱ्या कुणाला नाही."

"तुम्ही मला हे सांगायला नको होतं, काकू." आवाज वर नव्हता त्याचा, पण मला ऐकवेना. "माझ्याकडे ते एकच होतं. मला वाटायचं, निदान कागदावर तरी ती रडली."

त्यानं कागद माझ्यापुढे सरकवला.

"लिहा चौथी," तो म्हणाला. "कुणाला काय कळतंय? आईनं चालू दिलं ना?"

"दिलं. माझ्यासाठी दिलं."

"मग आता माझ्यासाठी चालू द्या."

 माझा हात टाकाकडे गेलासुद्धा. शपथेवर सांगते, गेला होता. मग त्यानंच विचारलं, "आई तुम्हाला काय म्हणाली होती? नक्की?"

तुमचे शब्द मी जसेच्या तसे सांगितले. आत गेले होते. चष्मा आणायला म्हणा, पाणी प्यायला म्हणा. यायचे होते.

त्यानं हेल्मेट खाली ठेवलं. मग कागदाकडे बघत म्हणाला, "बाबा दर पाच मिनिटांनी आत जायचे. खरंच. आई वैतागायची. एका जागी बसवत नाही का तुम्हाला, म्हणायची." आणि त्यानं तीन ओळी पुन्हा वाचल्या, ह्या वेळी हळू, बोट ठेवून, आपल्या हिंदी शाळेतली मुलं मराठी वाचतात तशा.

मी चहा केला तो त्यानं घेतला नाही. उठताना कागद मात्र घेतला, दोन पुठ्ठ्यांमध्ये नीट घातला. दारात वळला.

"उद्या काय वाचणार?"

"तीन."

"लोकांना चौथी पाठ आहे, काकू. विचारतील."

"विचारू देत."

तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. स्कूटरला चार किका मारल्या, पाचव्याला ती सुरू झाली, आणि गेला. मला माफ केलं की नाही, कळलं नाही. ते विचारायचा हक्क मला आहे असंही वाटत नाही. तुमचीच माफी मी अजून मागितलेली नाही. मागते, ताई. चुकले. मी तुमच्या दुःखाला मदत करायला गेले, आणि त्याला मदत नको होती.

उद्याचं तुम्हाला सांगून ठेवते. सेक्रेटरी माझं नाव पुकारतील. मी उठेन, तुमचं नाव घेईन, तीन ओळी वाचेन आणि थांबेन. त्यांना वाटेल मी विसरले. दुसऱ्या रांगेतून कुणीतरी हळूच आठवण करून देईल, कदाचित दोघं-तिघं एकदमच म्हणतील. मी मान हलवीन आणि खाली बसेन. ती ओळ माझी आहे असंही तिथं सांगणार नाही. सांगितलं तर लोक माझं कौतुक करतील, आणि तेच मला नको आहे. पुढं कुणी घरी येऊन विचारलं तर काही लपवणार नाही.

तिसऱ्या ओळीनंतर सभागृह गप्प होईल ना, ती तुमची जागा आहे. लोक अवघडतील, खोकतील, एकमेकांकडे बघतील. अविनाश पुढेच बसलेला असेल. बघू दे. तेवढ्या वेळात मला पुष्कळ काही बोलावंसं वाटेल, मी स्वतःला ओळखते. पण शब्द देते, ताई, ह्या वेळी मी तिथे काही घालणार नाही.

तुमची,
शालिनी